गुरम्माचा चौथा कोपरा

उदगीरच्या चौबाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर 'महादेवप्पा फ्रेम सेंटर' आहे. त्या दुकानात दोन गोष्टींना कुणी हात लावत नाही. एक, मीटरखालची उघडी वायर. दुसरी, गुरम्माची करवत. वायरला हात लावून वाचलेला माणूस गावात आहे.

करवत दिसायला तशी काही खास नाही. पान हातभर, पाठीवर पितळेची जाड पट्टी, म्हणून कापताना पान लवत नाही. मूठ शिसवाची. गुरम्माच्या नवऱ्यानं, महादेवप्पांनी, ती लग्नाच्या आधी हैदराबादहून आणलेली. सासरी आल्यावर गुरम्माची नवऱ्याआधी तिच्याशीच ओळख झाली, कारण नवरा लाजून बोलत नव्हता आणि करवत दिवसभर बोलायची. मुठीत अंगठ्याच्या जागी खड्डा पडलाय. तो पाडला महादेवप्पांनी, खोल केला गुरम्मानं. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली. खड्डा आता तिच्याच मापाचा आहे.

करवतीची जोडीदारीण म्हणजे खाचपेटी. नाव पेटी, पण झाकण नाही आणि दोन्ही टोकं उघडी; सागवानाच्या तीन फळ्यांची नुसती पन्हाळी. तिच्या दोन्ही भिंतींतून आरपार दोन तिरप्या खाचा, एक डावीकडं झुकलेली, एक उजवीकडं. फ्रेमची पट्टी पेटीत ठेवायची, करवत खाचेत घालायची आणि ओढायची. एका पट्टीचं टोक डाव्या खाचेत कापायचं, दुसरीचं उजव्या. दोन टोकं एकमेकांना भिडली की कोपरा झाला.

गुरम्माची शाळा तिसरीत सुटली. कोनाला माप असतं, हे तिला कुणी शिकवलं नाही आणि तिनंही कुणाला विचारलं नाही. पण आपल्या फ्रेमच्या कोपऱ्यापाशी मुंगी येते, वाट शोधते आणि परत जाते, असं ती येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची. ज्याला पटायचं नाही त्याला मुंगी घेऊन यायला सांगायची.

गेल्या दिवाळीत तिच्या लेकानं, रविकिरणनं, विजेवर चालणारी कापायची मशीन आणली. बटण दाबलं की ती अशी किंचाळायची की समोरचा मेडिकलवाला गोळ्या मोजताना चुकायचा.

"अव्वा, एका मिनिटात आठ टोकं कापती ही," रविकिरण म्हणाला.

"हाव. कुत्रं बी एका मिनिटात आठ जणाला चावतं. त्याला कुणी कारागीर म्हणतं का?"

रविकिरण आईसारखा बोलका नव्हता. तो हसला आणि कामाला लागला. खरं दुखणं मशीनचं नव्हतंच, जागेचं होतं. त्याला फोटोवर प्लास्टिक चढवायचं यंत्र ठेवायचं होतं आणि ते गिऱ्हाइकासमोर ठेवायला दुकानात एकच जागा होती: गुरम्माची गादी आणि तिच्यापुढचा पाट, ज्याच्यावर खाचपेटी बसायची. त्यानं एकदा भीत भीत विषय काढला. गुरम्मानं चार गिऱ्हाइकांसमोर सांगून टाकलं, "ज्या दिवशी माझा कोपरा उघडा राहील, त्या दिवशी मी हितनं उठंन. पेटी माळ्यावर टाक आन् माझ्या जागी तुझं यंत्र बसव. तवर नाव काढायचं न्हाई."

बोलून गेली खरी. पण बाई सत्तरी ओलांडलेली; त्या दिवसापासून रोज सकाळी पहिला कोपरा जुळला की ती त्याच्यावरून दोनदा नख फिरवायची. ते तिनं कुणाला कळू दिलं नाही.

तेवढ्यात धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी येणाऱ्या या अधिक महिन्यात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे, हाताला लागेल ते द्यायचं आणि तो काहीही बोलला तरी गोड मानून घ्यायचं. महिना विष्णूचा आणि गुरम्माचं घर पिढ्यान् पिढ्या महादेवाचं. पण पुरण शिजायला लागलं की एवढा हिशेब कोण करतो. नातीचं, सृष्टीचं, लग्न होऊन वर्षच झालेलं. नातजावई मृत्युंजय, नांदेडला बांधकामावर इंजिनिअर. पोरगं गुणी होतं, फक्त त्याला मोजल्याशिवाय चैन पडायचं नाही. लग्नात अक्षता पडत असताना त्यानं मांडवाच्या खांबांमधलं अंतर विचारलं होतं.

दोघं संध्याकाळी आले. चहा घेऊन जावई खाली दुकानात उतरले ते थेट खाचपेटीपाशी बसले.

"आज्जी, ही करवत कुठली हो? काय सुंदर हाय! मी मोबाइलवर बघत असतो. परदेशात लोक असल्या जुन्या करवती शोधत फिरतात. गंज काढतात, धार लावतात, मुठीला तेल देतात."

गुरम्मा सुखावली. "आमच्या करवतीला गंज चढायला वेळच भेटला न्हाई, जावईबापू. आन् ही पेटी बघा. सासऱ्याच्या उस्तादाच्या हातची. एवढी बरोबर की देवानं बी येऊन माप घ्यावं."

आता देवाचं नाव घ्यायला नको होतं, कारण जावयानं खिशातून काडेपेटीएवढं यंत्र काढलं. त्याच्यावर आकडे उजळले. एका खाचेला लावलं, दुसरीला लावलं, पुन्हा पहिलीला लावलं.

"आज्जी," तो हळूच म्हणाला, "कोन पंचेचाळीस पाहिजे ना? डावी खाच साडेपंचेचाळीस भरती. आन् उजवी साडेचव्वेचाळीस. दोन्ही चुकल्यात."

गल्ल्यावर रविकिरणची मान खाली गेली, पण कान वर आले.

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर गुरम्मानं त्याच्या सात पिढ्यांचे कोन मोजले असते. पण जावई, त्यातून महिना धोंड्याचा. ती शब्द साखरेत घोळवून म्हणाली, "जावईबापू, तुमचं यंत्र दमलं असंल. नांदेडहून आलंय. जरा निजू द्या त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वरती घरात धांदल. सून दामिनी पुरण वाटत होती, सृष्टी आईच्या हाताखाली, आणि जावयाला करायला काही नाही. जावयाचं आदरातिथ्य म्हणजे त्याला एका खुर्चीत बसवून दर अर्ध्या तासानं काहीतरी खायला देणं. अकरा वाजता तो कंटाळून म्हणाला, "आज्जी, दुकानाची चावी द्या. जरा बसतो खाली." दुकान त्या दिवशी दुपारपर्यंत बंद होतं. गुरम्मानं चावी दिली. बिचारा, खेळू दे.

साडेबाराला सृष्टीनं त्याला हाका मारून वर आणलं. पाट, रांगोळी, तूप. त्याला सात धोंडे वाढले. पाचव्यानंतर त्यानं हात आडवा धरला, पण दामिनीनं तो बाजूला सारून आणखी दोन टाकले. जेवण उरकलं आणि जावई जो आडवा झाला तो ठार.

दोन वाजता दुकान उघडलं. पायरीवर मुखेडकडचे शेषेराव बसलेले. पासष्टीचा शेतकरी माणूस, डोक्याला रुमाल, काखेत जुन्या लुगड्यात बांधलेली जुडी आणि हातात मोठा फोटो. फोटोत त्यांची बायको केवळाबाई, गळ्यात हार, खुर्चीत ताठ.

"आमची बाई सरपंच झाली, गुरम्माक्का."

"आं! मग आता घरात कुणाचं चालतं?"

"आधी बी माझं नव्हतंच चालत. आता कागदावर आलं एवढंच." शेषेरावांनी जुडी सोडली. आत चार पट्ट्या, काळपट तांबूस, शिरा उठलेल्या. "ही आमची तिफण. पेरणी आता ट्रॅक्टरवर होऊन राहिली. पण ह्या तिफणीमागं तिनं तीस वर्षं मूठ धरली, बी सोडलं. म्हणलं, सरपंचबाईला हिच्यातच बसवावं. गावच्या सुतारानं पट्ट्या काढून दिल्या, काचेची खाच बी पाडून दिली. पण चारच निघाल्या बघा. त्याची मशीन एका फटक्यात दोन गव्हांएवढं लाकूड खाती. तुमची करवत खाती केसाएवढं. म्हणून इथवर आलो. पाचची गाडी हाय मला."

"चारला बांधून देते," गुरम्मा म्हणाली.

तिनं गादीवर बैठक मारली. पट्टी पेटीत टेकवली. करवत खाचेत सोडली. डावी खाच जरा घट्ट वाटली. तिनं मनात म्हटलं, हवा दमट आहे, लाकूड फुगलं असेल. जुनं लाकूड कापायला लागलं की करवतीचा आवाज बदलतो. नवं लाकूड कचकचतं. हे मात्र घोगरं, ठेक्यात, म्हातारा माणूस बोलतो तसं बोलत होतं. पिठासारखा भुसा पडत होता आणि त्याला अजून मातीचा वास होता. शेषेरावांनी चिमूटभर भुसा उचलून नाकाशी धरला.

आठ टोकं झाली. गुरम्मानं चार पट्ट्या जुळवल्या आणि भोवतीनं दोरी आवळली. पहिला कोपरा मिटला. दुसरा मिटला. तिसरा मिटला.

चौथा उघडा राहिला.

तिनं दोरी सैल केली, पुन्हा आवळली. आता चौथा मिटला आणि पहिला उघडला. पोस्टकार्ड आत जाईल एवढी फट. चश्मा पुसला. पट्ट्या फिरवून लावल्या. फट गेली नाही, नुसती जागा बदलत राहिली.

रविकिरण मागं येऊन उभा होता. त्यानं बघितलं. मान वळवली. शेषेरावांनी बघितलं आणि उलट तिचीच समजूत काढली, "भरून टाका काहीतरी अक्का, कोण एवढं जवळनं बघतंय." कुणी टोमणा मारला असता तर तिला बरं वाटलं असतं. उलटं बोलता आलं असतं.

गुरम्मानं आपला उजवा हात उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा करून बघितला. हात थरथरत नव्हता. मग डोळाच गेला असणार. कधी गेला? काल? मग कालच्या फ्रेमा? तिनं करवत पाटावर ठेवली, गुडघ्यावर हात टेकला आणि उठली.

"अव्वा, बस की," रविकिरण घाबरून म्हणाला.

"बोलले होते मी. तुझं यंत्र आण."

"अव्वा, एका कोपऱ्यानं काय..."

"एकच म्हणले होते. चार म्हणले नव्हते."

तेवढ्यात जिन्यावरून जांभया देत जावई उतरले. केस उभे, मिशीला तूप. चेहऱ्यावर मात्र असा आनंद, की जणू परीक्षेचा निकाल लागायचाय आणि पेपर त्यानंच तपासलाय.

"आज्जी! जाणवला का फरक? डावी खाच नीट केली मी सकाळी. आता बरोब्बर पंचेचाळीस!"

गुरम्मानं खाली वाकून डाव्या खाचेवर नख ठेवलं.

"काय केलं?" गुरम्मा म्हणाली.

"मागच्या भिंतीत खाचेची एक बाजू कानशीनं जरा घासली, आन् दुसऱ्या बाजूला लाकडाची बारीक चिपटी चिकटवली. एक मिलिमीटर. दिसत बी न्हाई बघा. उजवी पण करणार होतो, पण सृष्टीनं जेवायला बोलावलं. मग धोंडे जास्त झाले... डोळा लागला."

गुरम्माच्या पायातून, पोटातून, छातीतून काहीतरी वर आलं. ते हसू होतं की शिवी, ते तिलाही लवकर कळेना. डोळा गेला नव्हता! हात गेला नव्हता! सात धोंडे खाऊन जावई झोपला होता, एवढंच झालं होतं. तिला त्याला कडेवर घ्यावंसं वाटलं आणि त्याच हातानं कानफटावंसंही वाटलं. दोन्ही जावयाला चालत नाही. म्हणून ती लेकावर उलटली.

"तू चावी दिलीस त्यांला!"

"अव्वा, चावी तूच दिली."

"मग तू घ्यायला पायजे होती माझ्याकडनं! एवढा घोडा झालास, आईकडनं चावी काढून घेता येत न्हाई!" मग ती करवतीकडं वळली. "आन् तू गं! परक्या हाताची खाच हाय, कळलं न्हाई तुला? पन्नास वर्षं काय मोजलंस? ह्यांला शिकलेलं म्हणतात! अर्धं काम करून झोपणारे! पूल बांधतात म्हणं हे. एक पाय बांधतात आन् जेवायला जात असतील!"

मृत्युंजयला कळलं की करवतीला कुणी पुलाचं बोलत नसतं. तो खाली बसला. फ्रेमची फट बघितली. यंत्र काढलं, डाव्या खाचेला लावलं, उजवीला लावलं. ओठ हलले. मग कपाळावर हात मारला.

"आज्जी, चूक माझी. आधी साडेपंचेचाळीस आन् साडेचव्वेचाळीस. बेरीज नव्वद! एक जास्त होती, एक तेवढीच कमी. म्हणून कोपरा काटकोनात मिटायचा. मी एकीला सुधारलं आन् बेरीज मोडली."

"बेरीज मला ठावं न्हाई," गुरम्मा गादीवर बसत म्हणाली. "आमचे हे म्हणायचे, ह्या दोन खाचा उस्तादानं एका गुण्यावर जोडीनं काढल्यात. एकीला हात लावायचा तर दुसरीला आधी इचारायचं. ते राहिलं तुमचं. पटाशी द्या ती."

गोंद तीन तासांचाच होता. पटाशीचं टोक लावताच चिपटी अलगद सुटून आली. जावयानं जिथं घासलं होतं तिथं गुरम्मानं ती दाबून बसवली. जेवढं एकीकडचं गेलं तेवढं तिथं भरलं. दोन टाकाऊ तुकडे कापले, जोडले, काटकोन तपासायच्या लोखंडी गुण्याच्या पोटात धरले. उजेडाची रेघसुद्धा आरपार आली नाही.

"आता ह्या चार पट्ट्या," शेषेराव काळजीनं म्हणाले, "तोकड्या न्हाई ना व्हायच्या?"

"चारींचं डावं टोक तेवढं पुन्हा कापायचं. केसाएवढं. काचेला तेवढी जागा हाय." गुरम्मानं करवत उचलली, आणि जावयापुढं धरली. "धरा."

"मी?"

"मोडलं कुणी?"

रविकिरणनं तोंड फिरवलं. चौदा वर्षांत त्याला स्वतःला ती मूठ मिळाली नव्हती.

मृत्युंजयनं करवत धरली तशी दाबली. पान जागीच अडलं.

"म्हशीला धरल्यासारखी धरू न्हाई. चार बोटांतलं पहिलं बोट मोकळं सोडा, पानाच्या दिशेनं. हां. दाबायचं न्हाई. तिला तिचं वजन हाय, पाठीवर पितळ कशाला घातलंय? तुम्ही नुसती वाट दाखवा."

त्यानं खांदा सैल सोडला. करवत पुढं गेली, मागं आली. पहिल्यांदा कुरकुरली, मग तिचा तो घोगरा ठेका लागला. केसाएवढा तुकडा काढायचा म्हणजे करवतीला एका अंगाला लाकूडच नसतं; ती घसरायला बघते. पण पेटीची खाच तिला घसरू देत नव्हती, आणि जावयाचा श्वास आपोआप तिच्या ठेक्यावर आला. दुसऱ्या पट्टीला त्याचं यंत्र मांडीवरून खाली पडलं. त्यानं उचललं नाही. चौथं टोक झालं तेव्हा भुसा त्याच्या पांढऱ्या शर्टभर झाला होता, आणि तो करवतीकडं असा बघत होता की सृष्टीनं बघितलं असतं तर तिला राग आला असता.

दोरी आवळली. एक, दोन, तीन, चार. गुरम्मानं नखानं चारी कोपरे चाचपले. नख कुठं अडलं नाही.

पावणेपाचला शेषेराव सरपंचबाईंना छातीशी धरून स्टँडकडं पळाले. रविकिरणनं गल्ल्यावरून विचारलं, "अव्वा, प्लास्टिकचं यंत्र मग मागच्या खोलीत ठेवू?"

"माझ्या डोक्यावर ठेवू नको म्हणजे झालं."

संध्याकाळी जावयाला ओवाळायचं होतं. ताटात चांदीची वाटी, कपडे, तेहतीस बत्तासे. दामिनी पुढं झाली तर मृत्युंजय म्हणाला, "मामी, हे सगळं राहू द्या. मला एकच गोष्ट पाहिजे." आणि सगळ्यांना कळलं, कुठली. सृष्टीनं त्याला कोपरानं ढोसलं, पण तो बोलून गेला. "आज्जी, ती करवत. पेटीसकट."

धोंड्याच्या ताटापुढं बसलेल्या जावयाला नाही म्हणायचं नसतं. दामिनीच्या हातातली आरती तशीच थांबली. जिथून दुपारी उठायची वेळ आली होती ती जागा गुरम्मानं चार वाजता परत मिळवली होती, आणि सात वाजता तीच जागा हा गोड मुलगा ताटात मागत होता.

गुरम्मानं ताटातला एक बत्तासा सरळ केला. मग तिचा चेहरा एकदम तुपाळ झाला.

"दिली! जावयानं मागावं आन् म्या न्हाई म्हणावं? करवत तुमची. पण जावईबापू, तुमचा हात तिला अजून परका हाय. तुम्हाला दुसऱ्या शनवारी सुट्टी असती ना? दर महिन्याला यायचं. हितं बसून चार कोपरे कापायचे. ज्या दिवशी मी बघितल्याबिगर चारी मिटतील, त्या दिवशी करवत काखेत मारायची आन् नांदेडला न्यायची. तवर माझ्याकडं ठेव म्हणून राहील. धार मी लावून ठेवंन."

"कबूल!" मृत्युंजय उडालाच. "आज्जी, सहा महिन्यांत नेतो बघा."

दामिनीनं आरती ओवाळता ओवाळता सासूकडं बघितलं. कुणी देखरेखीला नसताना चौथा कोपरा मिटायला गुरम्माला स्वतःला सात वर्षं लागली होती, हे घरातल्या फक्त त्या दोघींनाच माहीत होतं.  बत्तासा तोंडात टाकून दामिनीनं हसू दाबलं.

आषाढातल्या दुसऱ्या शनिवारी जावई सकाळच्या गाडीनं आले. हातपाय धुतले, चहालाही थांबले नाहीत, पाटापुढं बसले. गुरम्मा मुद्दाम पाठ करून बसली आणि समोरच्या मेडिकलवाल्याशी त्याच्या सुनेविषयी बोलत राहिली. मागं करवत चालली होती. एकदा अडली, एकदा घसरली, बाकी बरी चालली. पोराचा हात वाईट नव्हता. तिला वाटलं होतं त्याच्यापेक्षा बराच चांगला होता. तिनं मनातल्या मनात सात वर्षांतलं एक वर्ष कमी केलं.

"झालं, आज्जी."

ती वळली. तीन कोपरे मिटलेले. चौथ्यात पोस्टकार्ड नव्हे, पण गाडीचं तिकीट सहज गेलं असतं.

"दामिनी," गुरम्मानं जिन्याकडं तोंड करून हाक मारली, आणि तिच्या आवाजातला आनंद पार चौबाऱ्यापर्यंत गेला, "चहा ठेव गं! जावईबापू पुढच्या महिन्यात बी यायलेत!"